नाण्याची कड

हळूकाकांचं खरं नाव बाजारात फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. कोणी नाण्याची डबी उघडली की त्यांच्या तोंडून आधी "हळू" बाहेर पडे आणि मग नमस्कार. त्यावरून नाव पडलं ते चिकटलंच. जुनी नाणी पारखून त्यांची किंमत ठरवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. त्यातही जीव जडला होता तो एकोणिसाव्या शतकातल्या नमुना नाण्यांवर. नवं नाणं चलनात आणण्याआधी टांकसाळ चाचणीसाठी दोन-चार नाणी पाडून बघत असे. साहेबांनी नाक मुरडलं की तो ठसा अडगळीत जाई, आणि ती दोन-चार नाणी तेवढी मागे उरत. मी नापास पोरांचा मास्तर आहे, असं काका म्हणत.

धंद्याचे नियम साधे आणि कडक होते. नाणं चिमटीत धरायचं ते कडेनं, मखमलीपासून चार बोटं वर. उघड्या नाण्यावर बोलायचं नाही, कारण थुंकीचा बारीक थेंब पडला तरी त्या चकाकीवर कायमचा डाग राहतो. आणि हात हलता कामा नये.

गेल्या हिवाळ्यात काकांचा उजवा हात थरथरू लागला. थंडी असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. थंडी गेली, थरथर मुक्कामाला राहिली. काकांनी कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. सही करताना ते मनगट टेबलावर दाबून धरत, चहा दोन्ही हातांनी पीत. घरी थोरली बहीण होती, ताई. ती शिवणकाम करायची. तिलाही त्यांनी सांगितलं नाही. उलट ताई हल्ली कप अर्धाच भरते म्हणून तिलाच चिक्कू म्हणून चिडवत. पण भीती काही पाठ सोडत नव्हती. हलणाऱ्या हातात नाणं कोण देणार, आणि नाणंच हातात आलं नाही तर हळूकाका म्हणजे नुसता एक चष्मेवाला म्हातारा.

अशात एका दिवंगत डॉक्टरांच्या पत्नीचं बोलावणं आलं. डॉक्टरांनी आयुष्यभर जपलेलं एक नमुना नाणं होतं. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला पानांची माळ. अशी माळ त्या राजाच्या कुठल्याच चलनी नाण्यावर कधी आली नव्हती. खरं असेल तर असं दुसरं एकच नाणं माहीत होतं. काकांनी खरेपणाचा दाखला दिला की संग्रहालय ते विकत घेणार होतं.

बाईंनी डबी उघडली. काकांनी हात पुढे केला आणि नाण्यापाशी पोचताच बोटं नाचायला लागली. नाणं निसटलं तर कडेला पोचा येईल, पोचा आला की निम्मी किंमत जाईल आणि काकांची पत तर सगळीच. त्यांनी हात मागे घेतला. तुमच्याच हातानं काट्यावर ठेवा, घरच्या माणसाचा हात बरा, असं त्यांनी बाईंना सांगितलं. असा नियम कुठेच नव्हता. बाईंनी हातमोजे घालून नाणं ठेवलं. वजन चोख होतं. काकांनी भिंगातून राजा बघितला, बाईंनी नाणं उलटवलं, त्यांनी माळ बघितली. दोन्ही बाजू अस्सल, चकाकी जुनी. नाणं एकदाचं डबीत परत जावं, इतकंच त्यांना हवं होतं. ते गेलं. काकांनी दाखल्यावर सही केली आणि कठडा धरून जिना उतरले.

संध्याकाळी काका जेवत असताना ताई दुसऱ्या कोणी शिवलेला एक कोट तपासत होती. तिनं बाही उजेडात आडवी धरली आणि शिवणीवरून नख फिरवलं.

"दोन तुकडे जोडलेत," ती म्हणाली. "वरून छान दिसतंय. कडेला बघितल्याशिवाय कळत नाही."

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांनी नाण्याची कड बघितलीच नव्हती.

लबाड लोक दोन वेगवेगळ्या राजांची साधी नाणी घेतात, घासून पातळ करतात आणि एकाचं तोंड दुसऱ्याच्या पाठीला जोडतात. दोन्ही बाजू अस्सल, वजन जोडकामातल्या धातूनं भरून काढलेलं. चोरी दिसते ती फक्त कडेला, म्हणून कड आधी बघायची. हे काकांनीच कित्येकांना शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी संग्रहालयाचा माणूस नाणं न्यायला येणार होता. नाणं जोडलेलं असलं आणि त्यानं कड बघितली तर काकांचं नाव मातीत जाणार होतं. नाही बघितली तर एक खोटं नाणं त्यांच्या सहीवर काचेत बसणार होतं. कशाची भीती जास्त वाटते तेही त्यांना ठरवता येईना. 

सकाळी ते ताईला म्हणाले, "माझ्याबरोबर येशील? एक नाणं धरायचंय."

आजवर त्यांनी तिला एकाही नाण्याला हात लावू दिला नव्हता. ताईनं कारण विचारलं नाही. तिनं हात स्वच्छ धुतले आणि पायात चपला सरकवल्या.

बाईंच्या दारात काका म्हणाले, नाण्याची कड बघायची राहिली. काल उजेड कमी होता, असं सांगायचं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. पण बाईंनी सरळ विचारलं, काल कड का बघितली नाही.

"माझा हात हलतो," काका म्हणाले. "उचलायची भीती वाटली." आणि त्यांनी तो हात बाईंसमोर धरला.

ताईनं नाणं चिमटीत उचललं. सत्तरीतल्या त्या बोटांत कंप म्हणून नव्हता. सवयीनं काका "हळू" म्हणाले आणि चटकन तोंड मिटलं. डाव्या हातातलं भिंग त्यांनी टेबलावर कोपर टेकून धरलं. ताई नाणं फिरवत गेली. कड साफ होती. अजून साफ होती. मग राजाच्या मानेखाली केसाएवढी करडी रेघ दिसली. एकदा दिसली आणि मग सगळीकडे दिसत राहिली.

काकांनी दाखला मागून घेतला आणि फाडला. बाईंनी नाणं डबीत ठेवलं आणि झाकण लावलं. मग म्हणाल्या, "आमचे हे कोणाला नाणं उचलूच द्यायचे नाहीत. मला वाटायचं, जपतात. माहीत असणार त्यांना."

संग्रहालयाच्या माणसाला कोण सांगणार, एवढंच त्यांनी पुढे विचारलं. काका दुपारपर्यंत तिथेच थांबले आणि त्याला नाण्याचंही सांगितलं, हाताचंही. तो भला माणूस होता, त्यानं सहानुभूती दाखवली, आणि त्यानंच काकांना जास्त धडकी भरली. आता ही गोष्ट बाजारभर होणार होती.

घरी आल्यावर ताईनं चहा पुढे ठेवला. कप अर्धाच होता. काका त्याच्याकडे बघत बसले.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"हिवाळ्यापासून," ताई म्हणाली.

काकांनी कप तिच्याकडे सरकवला. "भरून दे."

ताईनं काठोकाठ भरला. काकांनी तो एका हातानं उचलला. चहा बशीत सांडला, थोडा सदऱ्यावर सांडला.

"हळू," ताई म्हणाली.