रानातल्या जीवाचा घास

आमच्या घरात देव्हारा नाही. आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षी देव गेले, उपासतापास गेले. एक गोष्ट मात्र आईनं सोडली नाही. शेतात भाकरी सोडली की पहिला तुकडा मोडून ती बांधावर ठेवायची. "ह्यो देवाचा न्हाई," ती म्हणायची, "रानातल्या जीवाचा हाय. एकट्यानं खाऊ न्हाई." उष्ट्या हातानं कावळा न हाकणाऱ्या माणसांचा तिला तिटकारा होता. बोरी गावात मी तशीच वाढले. पुढे जिंतूरच्या शाळेत शिकवलं, तिथंही डबा उघडला की पहिला तुकडा खिडकीत जायचा.

लेक जपानच्या उत्तरेला एका लहान गावात नोकरीला आहे. निवृत्त झाल्यावर ऑक्टोबरात महिनाभर तिच्याकडे गेले. तिच्या घरामागूनच डोंगराची पायवाट सुरू होते. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या पिशवीला पितळी घंटी बांधली.

"पोळ्याला सजवायलीस का मला?" मी म्हणाले.

ती हसली नाही. घंटी वाजली की अस्वलाला आधीच कळतं आणि ते बाजूला होतं, म्हणाली. उजाडताना आणि दिवेलागणीला जायचं नाही. कोल्हा जवळ आला तरी हात लावायचा नाही. ओढ्याचं पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. "आणि आई, रानात उष्टं टाकू नको." मी मान हलवली. आयुष्यभर पोरांना नियम सांगणाऱ्या बाईला कुणी नियम सांगितले की तिचं अर्धंच लक्ष असतं.

ती ऑफिसला गेली की दुपारी मी वरच्या बाकड्यापर्यंत जायचे. तेवढीच परवानगी होती. सगळा डोंगर तांबडापिवळा झाला होता. हरणं मान वर करून बघायची आणि पुन्हा चरायला लागायची. इतकी मोठी हरणं मी कधी पाहिली नव्हती. मी फार सुखात होते, हे सांगितलंच पाहिजे. बाकड्यावर बसून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी काढायची, आणि तोंडाला लावायच्या आधी तूप लावलेला एक तुकडा मोडून मागच्या दगडावर ठेवायचा. पहिला घास उष्टा नसतो. लेकीचा शब्द मी पाळतच होते, असं मला मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तुकडा नव्हता. मला आनंद झाला. तिसऱ्या दिवशी मी दोन ठेवले. मग रोज दोन.

आठवड्यानं गावातला भोंगा बोलायला लागला. लेकीनं कान देऊन ऐकलं: बाकड्यापाशी अस्वल फिरतंय, पायवाट बंद. ते हटेना म्हणून दोन दिवसांनी शिकारी वर गेले. दुपारी आम्ही जेवत असताना एक आवाज आला, थोड्या वेळानं दुसरा.

संध्याकाळी शेजारच्या आजी दारात आल्या. लेकीला त्या नातीसारखं वागवायच्या, परसातले मुळे आणून द्यायच्या. त्या बोलत होत्या आणि लेक मला मराठीत सांगत होती. मादी होती. अंगावर दूध होतं. पिल्लं कुणाला दिसली नाहीत. तिथं कुणीतरी खायला ठेवत होतं. एकदा माणसाच्या अन्नाची चव लागली की अस्वल वस्तीपासून लांब राहत नाही, मग मारावंच लागतं. ज्यानं खायला घातलं त्यानंच मारलं, असं आजी म्हणाल्या. लेक एवढं सांगून थांबली. मी हातातला पेला विसळायला आत गेले आणि बराच वेळ विसळत राहिले.

परत येऊन वर्ष झालं. भावाच्या शेतात भरदुपारी तुरीच्या ओळीत काही काळं हललं की मी बांधावरच थांबते. रानडुक्कर असतं, नाहीतर वाऱ्यानं तूर हलते. पण मला ती मागच्या पायांवर उभी दिसते, वास घेताना. ती रागावलेली नसते. तिला वाटतं मी काहीतरी आणलंय. हेच मला सोसत नाही.

गेल्या आठवड्यात फोनवर सगळं लेकीला सांगितलं. दगड, तुकडा, तूप. सांगताना रडले.

"मला माहीत हाय, आई," ती म्हणाली. "तू परत जायच्या आधीच कळलं होतं. मी वर जाऊन बघितलं, दगडावर आपली शेंगदाण्याची चटणी सांडलेली होती."

"मग बोलली का न्हाईस?"

"नगरपालिकेत विचारायला लागले तवा मीच ठेवलं म्हणून सांगितलं. तुला कशाला उभं करू त्यांच्यापुढं? लय मान खाली घालून माफी मागितली. झालं ते."

मी विचारलं, "आजी कशा हायेत?"

"बऱ्या असतील," लेक म्हणाली. "आता येत न्हाईत त्या."