बुटकीच्या पोटाचं माप

गल्लीत तिला सगळे मापेबाई म्हणत, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. शिलाईचं दुकान घरातच, पुढच्या खोलीत. सकाळी गळ्यात पडलेली टेप झोपतानाच उतरायची. गिऱ्हाइकांची मापं घेता घेता तिला माप घ्यायची खोडच जडली होती. दाराची चौकट म्हणू नका, बाजारातून आणलेला भोपळा म्हणू नका, काही सुटायचं नाही.

तिच्या आधीच्या शेळीचं करडू पोटात फार मोठं झालं होतं. ते विताना अडलं आणि दोघंही गेली. मापेबाईनं ते फार मनाला लावून घेतलं. म्हणून आताची शेळी, बुटकी, गाभण राहिल्यापासून ती दर बाजाराच्या दिवशी तिच्या पोटाला टेप लावायची. पोट वाढतंय म्हणजे करडू फुगतंय, असा तिचा सरळ हिशेब. कपडे घट्ट होत असतील तर जेवण आवरा, हे ती गिऱ्हाइकांनाही तोंडावर सांगायची. टेप पुढे सरकली की भरडा घालताना ती हात आखडता घ्यायची. शेवटी प्रकरण एका मुठीवर आलं.

मग बुटकीनं खाणंच सोडलं. भरडा नाही, पाला नाही, रवंथही नाही. भिंतीला डोकं टेकून उभी राहिली, आणि बसली ती उठेना.

शेजारी राहणारी नणंद बघायला आली. "नखरे असतील वहिनी. मला दिवस गेले तेव्हा मी कुठं खात होते?"

"तू निदान बोलत होतीस," मापेबाई म्हणाली. "थांबतच नव्हतीस."

गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी बुटकीचं तोंड हुंगलं. "गोडसर वास येतोय. पोटात दोन करडं आहेत. खायला कमी पडलं, म्हणून ही अंगातली चरबी जाळतेय, आणि त्याचंच विष अंगात भिनतंय. भरडा किती घालता?"

मापेबाईनं मूठ दाखवली.

"एवढाच? का?"

"टेप वाढत होती."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी इंजेक्शन दिलं, पाजायला औषध दिलं. "उद्यापर्यंत आपणहून खाल्लं तर ठीक. नाहीतर करडं आधीच काढावी लागतील. मग तिघांतलं कोण राहील, सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. अडण्याच्या भीतीनं आपण हिला उपाशी ठेवलं, वर स्वतःचीच पाठ थोपटत राहिलो, याची मापेबाईला लाज वाटत होती. तिनं कोवळा पाला आणला, तोंडाशी धरला. बुटकीनं मान वळवली. औषध पाजायला मापेबाई खाली वाकली, तशी गळ्यातली टेप बुटकीच्या नाकाशी लोंबली. बुटकीनं ती हुंगली, आणि टोक तोंडात घेऊन चावायला लागली.

मापेबाईचा हात सवयीनं टेपेकडे गेला आणि तिथंच थांबला. बुटकीचा जबडा हलत होता. थोडा वेळ तिनं तो नुसता हलू दिला. मग टेप हळूच ओढून घेतली आणि त्या जागी पाला सरकवला. बुटकी चावतच राहिली. पाला संपला, तिनं आणखी मागितला.

टेपेचे पहिले आकडे गेले ते गेलेच. दुकानासाठी तिनं नवी घेतली.

बुटकी दिवस भरल्यावर व्याली. दोन्ही करडं जगली. नणंद धावत आली.

"केवढी आहेत वहिनी? मापं काढलीस?"

"नाही," मापेबाई म्हणाली. "पोटभर पितात."