टाय रॉडवरचा हात

रस्त्यातल्या खड्ड्यांवर मी पत्रकांवर पत्रकं लिहिली, नाक्यानाक्यावर वाटली, ओरडून वाचली. ही गोष्ट त्यातल्या एकातही नाही. आईला ठाऊक नाही, रस्त्यासाठी लढणाऱ्या आमच्या समितीत ठाऊक नाही, आणि नाझिमभाईला तर — नाहीच. आज का सांगते आहे? तेही मला धड कळत नाही.

नाझिमभाई रेवदंड्यातला आमचा शेजारी. आखातातली नोकरी सोडून आला, एक जुनी गाडी घेतली, आणि मांडव्याच्या जेट्टीवर उतरणाऱ्या पाहुण्यांची भाडी मारायला लागला. सगळं घर त्या गाडीवर. आणि गाडी कुठल्या रस्त्यावर? जो ठेकेदाराच्या कागदात गुळगुळीत होता आणि चाकाखाली चाळण.

मग गाडी पुढून वाजायला लागली. आधी खडखड. गॅरेजवाल्याने लिंक रॉड बदलला, खडखड गेली. पण एक खट् उरली — हळू चालताना, स्टिअरिंग वळवलं की, डावीकडून. शॉकअपचं वरचं रबर बदललं. तरी खट्. गॅरेजवाला वैतागला, "स्टिअरिंगमध्ये असंल, न्हायतर खालच्या आर्मला. असल्या रस्त्यावर काय काय बदलू?"

माझे बाबा एसटीत फिटर होते. आवाज कानाने शोधायचा नाही, हाताने शोधायचा, हे त्यांनी मला शिकवलं. एकाने आत बसून स्टिअरिंग जरा डावीकडे, जरा उजवीकडे हलवत राहायचं. दुसऱ्याने खाली आडवं पडून एकेका जोडावर तळवा ठेवायचा. लोखंडातून आवाज कुठचा कुठे जातो, कान फसतो. ढिला जोड मात्र तळव्याला ठोसा देतो. नाझिमभाईला हे माहीत होतं, म्हणून त्याने मला बोलावलं.

आता इथे मी अडखळते. कारण दुसऱ्याच दिवशी बांधकाम खात्याचे साहेब रस्ता बघायला येणार होते, आणि त्यांना नाझिमभाईच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवायचं हे डोकं माझंच. खड्डे बघून साहेब मान हलवतात, पायाखालून आवाज आला तर हादरतील — असं मी बैठकीत ठणकावून सांगितलं होतं. टाळ्या घेतल्या होत्या.

मी गाडीखाली. पाठीला वाळू टोचत होती. वरून नाझिमभाई, "ए पत्रकवाली, झोपलीस काय खाली? लागतंय काय हाताला?"

डावीकडचा टाय रॉड. स्टिअरिंगचा दांडा चाकाला जिथे धरतो, तो शेवटचा जोड. मी तळवा ठेवला. खट्. त्याने परत फिरवलं. खट्. हा जोड निसटला तर चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही, कुठेही वळतं — हे मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं.

"न्हाय रे," मी म्हणाले. "सगळं घट्ट हाय. रस्त्याचाच आवाज तो."

"बघ हां. उद्या तुझ्या साहेबाला घेऊन खाडीत जायचा न्हाय मला."

आम्ही दोघं हसलो.

जोड बदलला असता तर आवाज गेला असता. एक दिवस जाऊ दे, साहेब उतरले की सांगू — असं मी ठरवलं होतं. की हे मी नंतर तिथे नेऊन ठेवलं? खरंच आठवत नाही. साहेब आले, बसले, आवाज ऐकून त्यांनी दारावरचं हँडल घट्ट धरलं. उतरल्यावर घोषणा, फोटो, माझ्याभोवती माणसं. जेट्टीवरून भाड्याचा फोन आला म्हणून नाझिमभाईने लांबूनच हात हलवला, जातो म्हणून. मीही हलवला. तोच हात.

थळच्या अलीकडे चाक खड्ड्यात गेलं आणि जोड निसटला. गाडी माडावर आदळली. तो एकटाच होता. त्याच्या उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत.

एका पत्रकात एकच गुन्हेगार, असं मला शिकवलेलं. मी लिहिलं — खड्ड्याने हात घेतला. खोटं आहे का? खड्डा नव्हता? तो जोड त्याच रस्त्याने ढिला केला ना? खडी ठेकेदारानेच खाल्ली ना? मी फक्त — नाही, हा शब्द मी खोडते.

चौकशीला ठेकेदाराचा माणूस म्हणाला, गाडीच खटारा होती. गॅरेजवाल्याला विचारलं, तर तो म्हणे तुटलेला जोड बघून आता काय सांगणार, आधी ढिला होता की खड्ड्यात गेला. तेव्हा प्लास्टरमधला हात घेऊन नाझिमभाई उभा राहिला. "गाडीत कायच दोष नव्हता. आदल्या दिशी हिने सोता हात लावून बघितलान. हिच्या बापाचा हात हाय तो." माझं खोटं त्याने किती खऱ्या मनाने सांगितलं! मी शेजारीच बसले होते. खाली बघत.

रस्ता झाला. नाझिमभाई आता चुलतभावाच्या दुकानात बसतो. गाडी भंगारात गेली. ईदला त्याची आई शीरखुर्म्याची वाटी आधी मला देते. परवा दुकानासमोरून एक गाडी सुळकन गेली, तर तो म्हणाला, "बघ पत्रकवाली, हाय काय आवाज? पाण्यासारखा रस्ता. माझा हात काय फुकट न्हाय गेला."

मी मान हलवली. साहेबांसारखी.

रस्ता खरा आहे. खड्डे खरे होते. आणि डावीकडच्या शेवटच्या जोडावर माझा तळवा होता. लागलं होतं. त्याने वरून विचारलं, आणि मी नाही म्हणाले.