न उतरलेली कात्री

आमचे साडू कोल्हापुरात नसते, तर होकायंत्राची सुई कंटाळून केव्हाच गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात निघून गेली असती. पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणं हा त्यांचा धंदा. पण जगात काहीही घडलं, की त्याचं मूळ ते लोखंडातच शोधतात. एका लग्नात मी रश्श्याच्या पंधराव्या वाटीवर हात आडवा धरला, तेव्हा वाढप्याला यांनीच समजावलं, "ऱ्हाऊ दे की! आतलं समदं कण एकदा वळलं, की करंट कितीबी वाढीव, लोखंड आणि काय घेत न्हाय. पावणं भरल्यात." कुणी विचारो न विचारो, त्यांचं सुरूच, "तारेत करंट सोडला की भवतीनं क्षेत्र हुतंय. ती हाक. लोखंडातल्या कणांनी तिकडं तोंड फिरवलं, ती चुंबकता. हाक भायरची, ओ आतली. मऊ लोखंड हाक थांबली की इसरतंय. पोलाद न्हाय इसरत." लोखंडाबाबत हा माणूस कधी खोटं बोलला नाही, बाकी विषयांत माझ्याच तोडीचा.

त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, आमची अक्का, ब्लाउज शिवायची. तिची पोलादी कात्री यांनी एकदा चुकून चालू कॉइलमध्ये ठेवली, आणि तेव्हापासून ती टाचण्यांचा झुबका घेऊनच कापडावर उतरे. "अवो, ह्यातलं चुंबक उतरवा की!" अक्का वीस वर्षं ओरडली. "उद्या," हे वीस वर्षं म्हणाले. गेल्या दिवाळीआधी अक्का गेली.

आता मशीनवर लेक बसते. परवा मी साडूंच्या दुकानात बसलो होतो, तेव्हा ती कात्री घेऊन आली. "आप्पा, ह्या टाचण्यांनी गिऱ्हाइकाचं रेशीम फाटलं. आजच्या आज उतरवून द्या." काम दोन मिनिटांचं. उलटसुलट करंटच्या कॉइलमधून कात्री सावकाश बाहेर काढायची, की आत एकाच दिशेला तोंड करून उभे असलेले कण विखुरतात. लेक दारात फोनवर बोलत राहिली. साडूंनी कात्री कॉइलमध्ये धरली, बटणावर बोट ठेवलं. बोट तिथंच राहिलं. करंट सोडला की गुणगुणणारी कॉइल गुणगुणलीच नाही. मग त्यांनी कात्री अगदी रीतसर, सावकाश बाहेर काढली.

"न्हाय उतरत, बाळ. लय कडक पोलाद हाय. तुला नवी आणतो."

लेक गेली. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "चा घेणार न्हवं, पावणं?"

"व्हय," मी म्हणालो. थापा ओळखण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नाही. पण ही मी मुकाट्यानं गिळली. टेबलावरची एक टाचणी सरकत कात्रीला जाऊन चिकटली. साडूंनी ती तशीच राहू दिली.