अनरिमार्केबल

काल कपाट आवरताना इंग्रजी शब्दांच्या कार्डांचा जुना गठ्ठा हाती लागला आणि नाशिकरोडच्या सोनोग्राफी सेंटरमधली ती दुपार आठवली. आईचं पोट पंधरा दिवस दुखत होतं. तपासणी झाल्यावर ती आत साडी सारखी करत होती, आणि बाहेर बाकावर बाबांनी रिपोर्ट माझ्या हातात दिला. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली ड्यूटी संपवून ते तसेच आले होते, बुटांवर राख होती. "वाच गं, तू इंग्लिश मीडियमची." लिव्हर अनरिमार्केबल, किडनी अनरिमार्केबल, खालीही तेच. शब्द नवा होता, पण शब्द फोडायला क्लासमध्ये शिकवलं होतं. 'अन' म्हणजे नाही. 'रिमार्केबल' हा माझ्या प्रगतिपुस्तकातला शेरा, तो मिळाला की बाबा पेढे आणायचे. मी हळूच म्हणाले, "एकही अवयव चांगला नाही, असं लिहिलंय." "किडनीपण?" मी मान हलवली. काउंटर दहा पावलांवर होता, पण तिथल्या बाईंना विचारायला माझी जीभ उचलेना. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "आईला बोलू नको," एवढंच म्हणाले. आई बाहेर आली, आमचे चेहरे बघून माझ्या शेजारी बसली. अर्ध्या तासाने डॉक्टरांनी आत बोलावलं. "अहो, सगळं नॉर्मल आहे. अनरिमार्केबल म्हणजे वेगळं सांगण्यासारखं काही नाही." आता आई ही गोष्ट पाहुण्यांना हसत सांगते. बाबा तेवढ्यात उठून गॅलरीत जातात, आणि मला त्यांच्या मागे जाऊन काहीतरी बोलायचं असतं, ते अजून जमलेलं नाही.