नानासोंच्या मोटारीचा ब्रेक

नानासोंच्या मोटारीला ब्रेक नव्हता असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं. ब्रेक होता. त्याचं नाव धुळा.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं असेल, तवाची गोष्ट. नानासोंची जुनी उघडी मोटार आमच्या गावावरनं सालपे घाट उतरून लोणंदच्या टेसनापर्यंत माणसं न्यायची. पुढच्या चाकांना ब्रेक तिच्या जन्मापासून नव्हता. मागच्या चाकांना होता, पण त्याच्या सळ्या झिजून लोंबत होत्या. पुढचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, पार बसलेले. उताराला ब्रेक दाबला की मोटार तोंड खाली घालायची, डावीउजवीकडं हिसडायची आणि आपली पुढंच चालायची.

म्हणून धुळा. जातीचा धनगर, उंच, काटक, मेंढरामागं पळून पाय तयार झालेले. तो फुटबोर्डावर उभा राहायचा, हातात बाभळीची उटी. बैलगाडी चढाला थांबली की चाकाखाली ठोकळा घालतात, तीच उटी. वळण आलं की धुळ्यानं उडी टाकायची, मोटारीबरोबर पळायचं, पळतापळता वाकून चाकापुढं उटी सारायची. मोटारीचा जोर मोडला की उटी उपसून पुन्हा फुटबोर्ड गाठायचा. एकदा हात काढायला उशीर झाला आणि उजव्या हाताची दोन बोटं चाकानं घेतली. त्याची बायको अंजना नानासोंच्या दारात जाऊन तोंडाला येईल ते बोलून आली. नानासोंनी तिला पायलीभर जोंधळे घालून वाटेला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी उटी धुळ्याच्या डाव्या हातात दिली.

वर चारचौघांत म्हणायचे, "लोकांच्या मोटारीचा ब्रेक तेल पितो. आमचा भाकरी खातो." लोक हसायचे. आम्हीही हसायचो, खोटं कशाला बोलू. आमच्या बुडाखाली गादी होती.

नानासोंचं म्हणणं असं, की त्यांच्या वडलांनी याच घाटात भरल्या बैलगाड्या उटीवर उतरवल्या, मग मोटारीला काय सोनं लागलंय? बैल स्वतःही पाय रोवतो, मोटार रोवत नाही, एवढं त्यांना कळत नव्हतं असं नव्हे. पण उटीपाशी ते स्वतः नव्हते ना.

मग हरिबा ड्रायव्हर आला. पलटणीत चार-सहा मुलखांत गाड्या हाकून आलेला गडी. पहिल्याच खेपेला घाट उतरला, खाली येऊन अर्धा तांब्या पाणी प्याला आणि म्हणाला, मी लढाईतनं जगून आलोय ते ह्या डबड्यात मराय न्हवं. त्यानं ब्रेकसाठी नानासोंचं डोकं खाल्लं. सांगलीला धनपाल म्हणून एक जैन व्यापारी होता, त्यानं लष्कराच्या मोडीत काढलेल्या गाड्यांचा माल लिलावात घेऊन आवारात रचला होता. त्यात दोन्ही चाकांना ब्रेक असलेला पुढचा अख्खा आक्सल होता, आणि जाडजूड नवे पाटेही होते.

नानासो हरिबाला घेऊन सांगलीला गेले. ओझं उचलायला धुळा बरोबर. दोन्ही एकदम घ्यायची नानासोंची तयारी नव्हती, काय ते एक निवडायचं होतं. धनपाल माल विकणारा माणूस, पण त्यानं सरळ सांगितलं, "आधी ब्रेक घ्या, मालक. नुसते पाटे घातलेत तर मोटार दमदार वाटंल, तुमी जास्त भराल, आन मग थांबवणार कशी?"

नानासोंनी धुळ्याच्या पाठीवर थाप मारली. "ब्रेक हाय की माज्याकडं. ह्यो काय हुबा हाय."

आणि पाटे घेतले. पाटे घातले की मोटार ताठ दिसते, चार माणसांत मिरवता येते. आत दडलेला ब्रेक कुणाला दिसतोय? ते पाटे धुळ्यानंच खांद्यावर घालून टेसनापर्यंत वाहिले. वाटेत हरिबा शिव्या देत होता. त्या दिवशी धुळ्याचं हसणं गेलं ते गेलंच.

धनपाल बोलला तसंच झालं. मोटार पुढनं उचलली आणि नानासोंना चेव आला. मागं कांद्याची पोती, मडगार्डावर माणसं. एवढं वजन उटीला दाद देईना. एका खेपेला चाक उटीवर चढून पलीकडं गेलं आणि धुळा चाकाखाली जाता जाता राहिला. मोटार दरडीला घासून थांबली. नानासो खाली उतरले, मडगार्डाचा पोचा बघितला आणि सगळ्यांदेखत धुळ्याला झापलं, की हरामखोरा, उटी नीट लावाय येत न्हाई तर खातोस कशाला. धुळ्याच्या नडगीतनं रक्त गळत होतं. तिकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माझ्या अंगाची लाही झाली, पण मीही तोंडात गुळणी धरून बसलो.

पुढच्या महिन्यात नानासोंची लेक विजयमाला माहेरपण उरकून सासरी निघाली. तिला न्यायला तिचे सासरे हंबीरराव आले होते. मोठं घराणं. नानासोंनी मोटार धुऊन घेतली, व्याह्यांना पुढं बसवलं. मीही लोणंदला निघालो होतो, मागं बसलो होतो. घाटमाथा आला तसा धुळा फुटबोर्डावरनं उतरला आणि मोटारीपुढं जाऊन उभा राहिला. हरिबानं मोटार थांबवली. मला वाटतं, दोघांचं आधी बोलणं झालं असावं.

नानासो म्हणाले, "काय रं, काय झालं?"

धुळ्यानं दोन्ही हातांनी उटी त्यांच्यापुढं धरली. "आवं मालक, आज तुमी घ्या. पाव्हणं हायती, पोरगी हाय. माज्याकडनं नीट लागत न्हाई."

हंबीररावांनी विचारलं, हे लाकूड कशाचं?

"ब्रेक हाय, पाव्हणं," धुळा म्हणाला. "मागल्या खेपंला लागला न्हाई." आणि दोन बोटं नसलेला पंजा वर करून दाखवला.

नानासो हसायला गेले, पण ते हसू तोंडातच वाळलं. हंबीरराव खाली उतरले. मग सुनेला म्हणाले, "उतर पोरी. लाकडाच्या भरवशावर आमच्या घरची सून घाट उतरत न्हाई." आणि व्याह्याकडं वळून म्हणाले, "गडी मारायचे तर आपल्या गावात मारा. आमाला कशाला बघाय बसवताय?"

सगळा घाट ते चालत उतरले, विजयमाला डोक्यावर पदर घेऊन मागनं. बाकीची माणसंही उतरली. रिकामी मोटार हरिबानं कशीबशी खाली आणली, उटी लावायला नानासो स्वतः पळाले. दोन वळणांत धोतराचा सोगा सुटला.

आठ दिवसांत सांगलीहून ब्रेक आले. धुळ्याची बोटं गेली तेव्हा न आलेले ब्रेक व्याह्याच्या एका वाक्यानं आले. त्याचा मला अजून राग येतो.

हरिबानं आक्सल बसवला. पहिल्या खेपेला मोटार गच्च भरली. नानासो पुढं ऐटीत. धुळा कामावर होता, फुटबोर्डावर. पहिल्या वळणाला हरिबानं ब्रेक दाबला. मोटार जागच्या जागी थांबली, हिसका नाही, डुलकी नाही. आणि बघतो तर धुळा खाली. पायानं आपण होऊन उडी टाकलेली, चाकाशेजारी वाकलेला, हात रिकामे.

माणसं खो-खो हसली. नानासोही हसले. म्हणाले, "आता कशाला रं उतरलास? तुजं काम सपलं."

धुळा सरळ झाला. त्यानं त्या चाकाकडं बघितलं, मग नानासोंकडं.

"व्हय, सपलं," म्हणाला, आणि पायवाट धरून लोणंदच्या अंगाला उतरायला लागला. नानासोंनी दोन हाका मारल्या. तो थांबला नाही.

पुढं लोणंदच्या बाजारात तो कांद्याची पोती उचलायचा. तिथंही पाठ मोडायचीच, पण पोती अंगावर धावून येत नव्हती. नानासो आजही पारावर सांगतात, की घाटात पहिले चांगले ब्रेक आमीच हौसेनं घातले आणि धुळा आपण होऊन सोडून गेला. त्यातलं धुळ्याचं तेवढं खरं हाय.