जाड दांडीची गिटार

मंडळी, आज गिटार आणायला गेलो आणि हात हलवत परत आलो.

नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात कामावर डावा अंगठा मशीनमध्ये सापडला, तेव्हापासून तो नीट वाकत नाही. इलेक्ट्रिक गिटारची दांडी पातळ असली की दोन गाण्यांत हाताला गोळे येतात. जाड दांडी मुठीत भरते, तिच्यावर अजून वाजवता येतं. पण दुकानांत बघावं तिथं पातळच.

परवा कुसगावच्या एका भाऊंचा पत्ता लागला. पूर्वी रिसॉर्टमध्ये वाजवायचे, आता गिटार विकायची होती. फोनवर मी पुन्हा पुन्हा विचारलं, "दांडी खरंच जाड आहे ना?"

आज भाऊंनी मोठ्या हौसेनं गिटार पुढे केली. "तुमी सारखं जाड जाड करत व्हता, म्हणून कालच सुताराकडून रंधा मारून घेतला. बगा आता!"

पातळ, गुळगुळीत. वर पॉलिशसुद्धा.

"आवडली न्हाई व्हय?"

"छान झालीय," म्हणालो. चहा घेतला आणि निघालो.

आता शोधायचं त्राणच उरलेलं नाही. तरी विचारतो, तुमच्यापैकी कुणाकडे आहे का तसली? असलीच, तर मी येईपर्यंत तिला कृपा करून चांगली करू नका.